पाऊणरावांचा पॅसेज

लिफ्टमध्ये शिरलं की माणसं आरशात बघतात. पाऊणराव पाटी बघतात. ‘आठ माणसे, ५४४ किलो’ हा आकडा कुणीतरी ठरवलेला असतो आणि त्यासाठी कुणीतरी सही केलेली असते, हे आठवा माणूस आत घुसताना कुणाच्या मनात येत नाही. शहरातल्या निम्म्या लिफ्टच्या कागदांवर गेली सव्वीस वर्षं पाऊणरावांची सही आहे. ते लिफ्ट तपासनीस आहेत. दोर आठाच्या कितीतरी पट माणसं पेलेल हे त्यांना ठाऊक असतं, पण ते पाटीवर लिहायचं नसतं. खात्यात नव्याने लागलेल्यांना ते एकच धडा देतात. शंका आली की धोक्याच्या बाजूचा आकडा लिहायचा. दोराच्या तुटलेल्या तारा सात होत्या की आठ, आठवत नाही? आठ लिहा. ‘‘एक जास्त लिहून आजवर कुणी मेलेलं नाही,’’ असं ते म्हणतात आणि पुढच्या इमारतीकडे चालू लागतात.

पाऊणराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. ते त्यांना गोल्फच्या मैदानावर मिळालं. देणारा त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ, दातांचा डॉक्टर. गोल्फमध्ये स्टिक पाठीमागे पूर्ण वळवून घ्यायची आणि मग सोडायची, असा रिवाज आहे. पाऊणराव ती खांद्यापर्यंत नेतात आणि तिथून परत आणतात. मेहुण्याने पहिल्यांदा पाहिलं आणि तिथेच नामकरण केलं, ‘‘भाऊजी, हा फटका नाही, हा पाऊण फटका!’’ नाव चिकटलं. आता गेटवरचा माणूससुद्धा वहीत ‘पाऊणराव’ असंच लिहितो.

मैदान नगरपालिकेचं आहे. अठरा होल, म्हणजे अठरा वेळा चेंडू दूरवरच्या भोकात घालायचा. हे काम बहात्तर फटक्यांत व्हावं अशी अपेक्षा असते. ती ज्यांच्याकडून केली जाते ते लोक या मैदानावर येत नाहीत. इथे येणारे शंभराच्या अलीकडे-पलीकडे असतात. नऊ वर्षं पाऊणराव शहाण्णव ते एकशेचार या पट्ट्यात येरझारा घालत होते.

या येरझाऱ्यांची किंमत घरात मोजली जात होती आणि ती बारा फूट होती.

पाऊणरावांची बायको पडदे शिवते. दवाखाने, हॉटेलं, शाळांचे हॉल अशी तिची गिऱ्हाइकं. पडद्याचं कापड लांब असतं आणि ते सरळ कापायला लांब टेबल लागतं. तिच्याकडे जेवणाचं टेबल होतं, पाच फुटी. त्यामुळे कापड खुर्च्यांवरून लोंबायचं आणि घरातली माणसं ओट्याशी उभ्याने जेवायची. शिवाय तिचा भाऊ आला की सरळ टेबलावर, बेतलेल्या कापडावरच बसायचा. गप्पा मारताना खुर्चीवर बसणं त्याला कमीपणाचं वाटतं. आणि इकडे त्या घरातली बारा फूट लांबीची एकुलती एक सरळ जागा, म्हणजे दार ते न्हाणीघर हा पॅसेज, हिरव्या गालिच्याच्या पट्टीने व्यापलेली होती. पट्टीच्या टोकाला स्टीलचा पेला आडवा ठेवलेला असायचा. संध्याकाळी पाऊणराव तिथे पेल्यात चेंडू घालायचा सराव करायचे. न्हाणीघरात जाणाऱ्याने आधी ‘‘येऊ का?’’ असं विचारायचं.

‘‘अहो, नऊ वर्षं झाली,’’ बायको एकदा म्हणाली. ‘‘पेल्यालासुद्धा तुमचा कंटाळा आला असेल.’’

‘‘मी नव्वदच्या आत येणार आहे.’’

‘‘कधी? रिटायर झाल्यावर?’’

‘‘या वर्षीच्या स्पर्धेत.’’

‘‘आणि नाही आलात तर?’’

इथे शहाणा माणूस गप्प बसला असता. पाऊणराव म्हणाले, ‘‘तर पॅसेज तुझा.’’

करार त्याच संध्याकाळी लिहिला गेला आणि फ्रिजवर लागला. भाषा अर्थातच पाऊणरावांची. वार्षिक स्पर्धेत एकोणनव्वद किंवा त्याहून कमी फटके झाल्यास पॅसेज तहहयात सरावासाठी राहील. नव्वद किंवा अधिक झाल्यास तिथे कापायचं टेबल येईल. मेहुणा तोंडी आकडे फिरवतो हे माहीत असल्याने त्यांनी शेवटी आणखी एक कलम घातलं: ‘सही करून जमा केलेल्या कार्डावरचाच आकडा ग्राह्य धरला जाईल.’ बायकोने वाचलं, एक भुवई वर केली आणि सही केली.

मग पाऊणरावांनी नऊ वर्षांची, दर होलच्या फटक्यांचे आकडे लिहिलेली कार्डं काढली. ती बुटांच्या खोक्यात होती. लिफ्ट वारंवार बंद पडत असेल तर खात्यात बिघाडांची नोंदवही मागवतात, तशी त्यांनी आपल्या खेळाची केली. प्रत्येक होलवर जादा फटका का गेला, हे आठवून आठवून मांडलं. दोन रकाने केले. पहिल्याचं नाव ‘चूक’. दुसऱ्याचं नाव ‘चुकीवरचं शौर्य’. चेंडू झाडीत गेला, ही चूक. मग दोन खोडांमधल्या वीतभर फटीतून तो थेट भोकाकडे मारायला जाणं, हे शौर्य. तीन आठवड्यांनी बेरीज झाली. जादा गेलेल्या दर दहा फटक्यांपैकी तीन चुकांचे होते आणि सात शौर्याचे.

‘‘मी वाईट खेळत नाही,’’ त्यांनी बायकोला गंभीरपणे सांगितलं. ‘‘मी शूर खेळतो.’’

‘‘तुम्ही? झुरळ निघालं की मला हाक मारता.’’

दुसऱ्या दिवशी त्यांनी बॅगेतून ड्रायव्हर काढला. ड्रायव्हर म्हणजे सगळ्यात लांब स्टिक. सगळ्यात दूर मारणारी आणि सगळ्यात जास्त चेंडू हरवणारी. ती त्यांनी बायकोच्या हवाली केली. स्वयंपाकघरातली उंचावरची खिडकी ढकलायला तिला काही तरी हवंच होतं. ड्रायव्हरचं डोकं तिथे बरोबर बसलं.

नवा खेळ साधा होता आणि बघायला भयंकर कंटाळवाणा होता. हिशेब असा, की प्रत्येक होलला अपेक्षेपेक्षा एक फटका जास्त घ्यायचा, तोही राजीखुशीने. बहात्तर आणि अठरा नव्वद. मग अठरात कुठेतरी एक वाचवायचा, झाले एकोणनव्वद. त्यासाठी पहिला फटका लांब नको, मधोमध हवा. झाडीत गेलं तर सगळ्यात जवळच्या मोकळ्या जागेत यायचं, मग ती जागा मागे का असेना. भोकाचं निशाण कुठेही रोवलेलं असो, मारायचं भोकाभोवतीच्या हिरवळीच्या मध्यावर. आणि चौदाव्या होलपुढचं तळं एका फटक्यात ओलांडायचं नाही. अलीकडे थांबायचं, श्वास घ्यायचा आणि मग छोट्या फटक्याने पलीकडे जायचं.

मेहुण्याला हे सहन होईना. तो स्वतः लांब मारायचा, खरोखर लांब. त्यातला एखादा चेंडू सापडायचाही. त्या एका फटक्याची गोष्ट त्याला आठवडाभर पुरायची. दवाखान्यात तोंड उघडून बसलेल्या पेशंटना ती ऐकण्यावाचून पर्याय नसायचा.

‘‘भाऊजी, ही लिफ्ट नाहीये. प्रत्येक मजल्यावर कशाला थांबता?’’

‘‘माणसं चढतात.’’

‘‘अहो, तळं केवढंसं आहे! मारा की सरळ!’’

‘‘तू मार. मी चेंडू मोजतो.’’

तो मारायचा. तळ्यात डुबुक व्हायचं. पाऊणराव नुसतं एक बोट वर करायचे.

आकडे मात्र उतरले. पंच्याण्णव, त्र्याण्णव, ब्याण्णव, दोनदा एक्क्याण्णव. पाऊणरावांचं लक्ष आता बेरजेकडे जाऊ लागलं आणि तसे फटके बिघडू लागले. म्हणून त्यांनी डोक्याने मोजणंच बंद केलं. डाव्या खिशात पितळी वायसर ठेवायचे, दर फटक्याला एक उजव्या खिशात टाकायचा. होल संपला की उजवा खिसा मोजून आकडा कार्डावर आणि वायसर परत डाव्या खिशात. डोकं रिकामं, हात मोकळा. वायसर मोजून दहा. रोज निघताना मोजलेले.

स्पर्धेच्या सकाळी वायसर सापडेनात. ते ऑफिसच्या कोटात होते आणि कोट ऑफिसात होता. मेहुणा खाली गाडीचा हॉर्न वाजवत होता. दाराजवळच्या स्टुलावर बायकोची वाटी होती, पडद्याच्या छोट्या पितळी कड्यांची. पाऊणरावांनी वाटी डाव्या खिशात उपडी केली आणि जिना उतरले. सव्वीस वर्षांत त्यांनी न मोजता उचललेली ही पहिली गोष्ट.

स्पर्धेत आपलं कार्ड आपण लिहायचं नसतं. सोबत्याने लिहायचं आणि आपण तपासून सही करायची. पाऊणरावांचं कार्ड मेहुण्याकडे आणि मेहुण्याचं पाऊणरावांकडे होतं. पहिले नऊ होल पाऊणरावांनी पंचेचाळीस फटक्यांत काढले. त्यात सांगण्यासारखं काहीही घडलं नाही आणि त्यांना तेच हवं होतं.

अकरावा आणि बारावा होल शेजारी शेजारी आहेत. मध्ये खाली वाकलेल्या फांद्यांच्या झाडांची एकच रांग. अकराव्याला पाऊणरावांचा चेंडू त्या रांगेत गेला. बाहेर पडायला दोन फटके लागले आणि सहा झाले. बाराव्याला तो पलीकडच्या बाजूने त्याच रांगेत गेला. मेहुणाही शोधायला फांद्यांखाली शिरला, कारण त्याचाही तिथेच कुठेतरी होता. पाऊणराव गुडघ्यांवर रांगत चेंडूपाशी पोचले, तेवढ्यात जवळ कुठेतरी खणकन काही तरी पडलं. त्यांनी चेंडू मागे मोकळ्यावर काढला, पुढे हिरवळीवर आणला आणि दोन फटक्यांत भोकात घातला. उजवा खिसा मोजला. पाच कड्या.

‘‘पाच,’’ मेहुणा म्हणाला आणि लिहायला लागला.

‘‘थांब. मघाशी काही तरी पडलं खाली. कडी असेल.’’

‘‘पाचच झालेत हो! मी एकच टक् ऐकलं.’’

‘‘दोन मारल्यासारखे वाटतात.’’

‘‘ते अकराव्याला!’’

‘‘तेच तर. अकराव्याला दोन की बाराव्याला, झाडं तीच, गुडघे तेच.’’ पाऊणराव परत झाडीत गेले आणि पालापाचोळा चाळू लागले. डाव्या खिशातल्या कड्या मोजून उपयोग नव्हता. मुळात किती होत्या हेच माहीत नव्हतं. मागून येणारी मंडळी हिरवळीकडे बघत कमरेवर हात ठेवून उभी होती. त्यातल्या एकाने विचारलं, ‘‘काका, तंबू ठोकणार का?’’

पाऊणराव बाहेर आले. ‘‘सहा लिही.’’

‘‘भाऊजी!’’

‘‘शंका आली की वरचा आकडा. सहा लिही.’’

चौदाव्याला पाऊणराव तळ्याअलीकडे थांबले. मेहुण्याने तीन चेंडू पाण्याला दिले आणि चौथा पलीकडे नेला. येत्या आठवड्याची गोष्ट तयार झाली. अठराव्याला शेवटचा चेंडू भोकात पडला तेव्हा पाऊणरावांना आपले किती झाले हे खरंच माहीत नव्हतं.

कार्डं घ्यायला सेक्रेटरीबाई खिडकीमागे बसतात. चष्मा दोरीला आणि जिभेवर नियमांचं पुस्तक. मेहुण्याने बेरीज केली, पुन्हा केली आणि कार्ड पाऊणरावांपुढे सरकवलं. नव्वद.

दोघंही बाराव्या चौकोनाकडे बघत राहिले.

‘‘पाच करा,’’ मेहुणा हळूच म्हणाला. ‘‘मी लिहिलंय, मी खोडतो. पाचच होते. माझ्या दवाखान्याची शपथ.’’

‘‘तुझ्या शपथेवर मी दातसुद्धा काढून घेणार नाही.’’

‘‘अहो, पॅसेजचा विचार करा! ताई टेबल टाकणार तिथे. बारा फूट!’’

पाऊणरावांनी विचार केला. हिरवी पट्टी, आडवा पेला, रोजची संध्याकाळ. पेन हातात होतं. पाच लिहायला एक रेघ पुरत होती आणि कुणी विचारणार नव्हतं. ‘‘तारा मोजताना चुकलो असं वाटलं की मी काय करतो?’’ ते म्हणाले. ‘‘पुन्हा मोजतो. आणि पुन्हा मोजता येत नसेल तर?’’

‘‘एक जास्त,’’ मेहुणा वैतागून म्हणाला. हे वाक्य त्याने जेवताना शंभरदा ऐकलं होतं.

पाऊणरावांनी सही केली आणि कार्ड खिडकीतून आत दिलं.

पार्किंगमध्ये मेहुण्याने खिसे चाचपले. पँटचे, शर्टचे, बॅगेचे, मग पुन्हा पँटचे. गाडीची किल्ली नव्हती. दोघं मैदानावर परत निघाले. बाराव्याच्या झाडीत, जिथे पाऊणराव रांगले होते तिथून दोन हातांवर, किल्ली पडलेली होती. जुडग्याला पितळी दाढ लटकत होती.

मेहुण्याने किल्ली उचलली आणि दगडावर टाकून पाहिली. खणकन.

‘‘भाऊजी,’’ तो म्हणाला, ‘‘तुमची कडी सापडली.’’

खिडकीपाशी सेक्रेटरीबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ‘‘खऱ्यापेक्षा कमी आकड्यावर सही केली असती तर स्पर्धेतून बाद केलं असतं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘जास्त आकड्यावर केली तर तो आकडा तुमचा. कायमचा.’’

‘‘पण हे प्रामाणिकपणे चुकले!’’ मेहुणा म्हणाला.

‘‘प्रामाणिकपणाचा रकाना कार्डावर नाही,’’ असं म्हणून त्यांनी चष्मा खाली सोडला.

घरी बायको कात्री घेऊन दारातच उभी होती, पण रोख पाऊणरावांच्या खेळाकडे नव्हता. ‘‘माझ्या कड्या कुठायत? सकाळपासून हुडकतेय. दवाखान्याचा पडदा अडलाय.’’

पाऊणरावांनी दोन्ही खिसे पाच फुटी टेबलावर रिकामे केले. ‘‘यात किती होत्या?’’

‘‘चौदा. एका पडद्याला चौदा लागतात.’’

तिने बोटाने एकेक कडी सरकवत मोजलं. मेहुणा कापडावर बसायला निघाला होता, तो अर्धवट वाकलेलाच थांबला. बारा. तेरा. चौदा.

‘‘एकही पडली नाही,’’ पाऊणराव म्हणाले.

‘‘म्हणजे बाराव्याला पाच!’’ मेहुणा ओरडला आणि सगळी कथा, किल्लीसकट, एका दमात सांगून मोकळा झाला. ‘‘म्हणजे एकोणनव्वद, ताई! भाऊजी जिंकले!’’

बायकोने सगळं ऐकलं. मग फ्रिजवरचा कागद काढून आणला आणि शेवटच्या कलमावर कात्रीचं टोक ठेवलं. ‘‘कार्डावर किती?’’

‘‘नव्वद,’’ पाऊणराव म्हणाले.

‘‘आणि हे कलम कुणी घातलं?’’

‘‘मी.’’

‘‘का?’’

पाऊणरावांनी मेहुण्याकडे बघितलं. मेहुणा खिडकीकडे, जिथे ड्रायव्हर टेकवून ठेवला होता, तिकडे बघू लागला.

‘‘कार्डावर नव्वद, खिशात एकोणनव्वद,’’ बायको म्हणाली. ‘‘छान. दोघांचंही बरोबर.’’ आणि कड्या वाटीत भरून ती मशीनकडे गेली.

त्या संध्याकाळी पाऊणरावांनी गालिच्याची पट्टी गुंडाळून पलंगाखाली सरकवली. पेला घासून फडताळात ठेवला. न्हाणीघरात जाताना ‘‘येऊ का?’’ असं त्यांनीच विचारलं आणि मग आपण पॅसेजमध्ये एकटेच आहोत हे त्यांच्या लक्षात आलं.

मंगळवारी सुतार टेबल घेऊन आला. बारा फुटी, गुळगुळीत, आणि एका बाजूने बिजागऱ्या. पाय दुमडायचे, टेबल उचलायचं की ते भिंतीला चिकटून उभं राहतं, वीतभर जाडीचं. पाऊणरावांनी सवयीप्रमाणे आधी बिजागऱ्यांचे स्क्रू मोजले आणि मग सुताराची पावती वाचली. तारीख स्पर्धेच्या तीन आठवडे आधीची होती.

‘‘हे तू आधीच करायला सांगितलं होतंस?’’

‘‘हो.’’

‘‘आणि मी जिंकलो असतो तर?’’

‘‘तरी आलंच असतं. सोमवार ते शनिवार खाली, रविवारी भिंतीला. रविवारी मी कापत नाही.’’

‘‘आणि हरलो तर?’’

‘‘तरी हेच.’’

‘‘अगं, मग करार कशाला केलास?’’

‘‘करार तुम्ही केलात. मी सही केली.’’ ती टेप लावून टेबलाची लांबी तपासत होती. ‘‘तुम्हीच सांगता ना, तळं एका फटक्यात ओलांडायचं नाही. मी अलीकडे थांबले. पण हरलायत तुम्ही, तेव्हा रविवारी टेबल उचलायचं काम तुमचं. सकाळी. आवाज न करता.’’

सुताराच्या मते टेबल सहज एकशेवीस किलो पेललं असतं. पाऊणरावांनी पाय हलवून पाहिले, बिजागऱ्यांवर कान ठेवला आणि शनिवारी ऑफिसातून येताना पाटी करून आणली. खरीखुरी पितळी, चार स्क्रूंची.

मेहुणा आला तेव्हा टेबल अजून खालीच होतं आणि त्यावर शाळेच्या हॉलचा निळा पडदा पसरलेला होता. तो तळ्यापलीकडे गेलेल्या चौथ्या चेंडूबद्दल बोलत बोलतच टेकायला वळला आणि पाटी दिसली: ‘सुरक्षित भार: कापड, ४० किलो. मेहुण्यांनी बसू नये.’

‘‘भाऊजी, माझं वजन ब्याऐंशी आहे. सुतार म्हणतो एकशेवीस पेलतं.’’

‘‘पेलेल की,’’ पाऊणराव म्हणाले. ‘‘पण पाटीवर चाळीस आहे.’’

आतून मशीन थांबलं. ‘‘आणि खाली सही आहे,’’ बायको म्हणाली.

उरलेली गोष्ट मेहुण्याने उभ्यानेच सांगितली.